चारवरची तिरकी रेघ

कॉर्नी क्लिपेनस्टीनला आमच्या लिख्टाल गावात कोणी बढाईखोर म्हटलं नसतं. आमच्याकडे बढाई मारणं हे चोरीच्या खालोखाल धरतात, आणि कॉर्नी तर जन्मभर सूर्यफुलाच्या बियांच्या कारखान्यात, मागच्या खोलीत, युनिक्सच्या संगणकांच्या संगतीत बसलेला माणूस. पण एका गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याची त्याची तऱ्हा इतकी वाईट की अख्ख्या गावाला तो दिसायचा. ती गोष्ट म्हणजे त्याचा जुना लॅपटॉप. त्यावर चित्रं नव्हती, माऊस नव्हता. झाकण उघडलं की काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी एक पांढरी खूण, बस्स. कॉर्नी दोन बोटांनी एक ओळ टाइप करायचा, एंटर दाबायचा, आणि चर्चच्या तळघरात चार आवाजांतलं गीत सुरू व्हायचं.

चर्चच्या गाणाऱ्या मंडळीच्या, म्हणजे क्वायरच्या, सरावाला तो लॅपटॉप असायचाच. पियानोच्या साथीनं गायची आमची रीत नाही. जुनी माणसं त्याला कुबड्या घेऊन चालणं म्हणायची. त्यामुळे ज्याचा त्याचा आवाज ज्याला त्याला शिकवायचा कसा, हा प्रश्न होता, आणि तो कॉर्नीनं सोडवला होता. बायकांत वरच्या सुराच्या सोप्रानोची फाइल वेगळी, खालच्या सुराच्या आल्टोची वेगळी, पुरुषांत वरच्या टेनरची, खालच्या बासची वेगळी. आल्टोच्या फाइलीत आल्टो मोठ्यानं, बाकीचे तिघे दबक्या आवाजात. बायका घरी भांडी घासताना ते ऐकायच्या आणि बुधवारी पाठ करून यायच्या.

"कॉर्नी, आज तुझ्या डब्यात काय भरून आणलंस?" बासमधला जेक दर बुधवारी विचारायचा.

"डब्यात आवाज नसतो, जेक," कॉर्नी दर बुधवारी समजावायचा. "मिडी फाइल आहे ती. कुठली पट्टी दाबायची, केव्हा, किती जोरात, आणि केव्हा सोडायची, एवढंच लिहिलेलं असतं तिच्यात. वाद्यांचा आवाज दुसरीकडून येतो."

"म्हणजे जेवण नाही, नुसती पाककृती."

"हां. तसंच."

"मग मी उपाशीच जाणार म्हण की घरी!"

जेकला सगळं कळत होतं. कॉर्नी समजावताना त्याचे कान लाल होतात, ते बघायला त्याला आवडायचं.

त्या यंत्राची एक रीत मात्र कॉर्नीला मनापासून आवडे. काम नीट झालं तर कमांड काही बोलत नाही. "झालं बरं का", "अभिनंदन", असलं काही नाही. चुकलं तरच तोंड उघडते. यंत्र गप्प, म्हणजे सगळं बरोबर. ही रीत त्यानं लग्नानंतर लवकरच एल्वीराला समजावून सांगितली होती. बायको म्हणाली, "म्हणजे तुझ्या वडिलांसारखं. त्यांनीही माझ्या हातच्या जेवणाचं कधी कौतुक केलं नाही, फक्त मीठ जास्त झालं की बोलायचे."

लिख्टाल वसल्याला दीडशे वर्षं होणार होती त्या उन्हाळ्यात. क्वायरला शिकवणारी बाई लोरेटा फ्रोझे हिच्या मनात आलं की पहिल्या कुटुंबांनी रशियातून येताना सोबत आणलेलं कापणीचं गीत गायचं. ते गीत कुठल्या छापील पुस्तकात नव्हतं. होतं ते आकड्यांत. आमचे पणजोबा सूर आकड्यांत लिहीत. एक म्हणजे पहिला सूर, दोन म्हणजे दुसरा, असं सातपर्यंत. आता ती लिपी वाचणारं गावात एकच माणूस उरलं होतं, यूस्टिना टांटे. टांटे म्हणजे मावशी, आणि यूस्टिना गिंटर ही गावातल्या निम्म्या लोकांची मावशी लागत होती, उरलेल्या निम्म्यांनी तिला तशीच मानली होती. तिचा बाप चर्चमध्ये गीत उचलायचा. कोणी सूर न देता, भर हिवाळ्यात, दार उघडं असताना, तो पहिला सूर हवेतून काढायचा आणि तो बरोबर असायचा. यूस्टिना त्याच्या शेजारच्या बाकावर आईच्या मांडीवर आल्टो शिकली. आता तिचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, पण समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेला थोडंसं जग, असं ती सांगायची. वाचायचं बंद झालं. राहिले कान. "देवानं एक खिडकी लावून घेतली, दार ठेवलंय," असं ती म्हणायची आणि आल्टोच्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी गीत पाठ करून टाकायची.

बापाच्या हातच्या आकड्यांचा कागद तिनंच कॉर्नीला आणून दिला. "बघ रे, तुझ्या यंत्राला रशियन आकडे पचतात का."

"यंत्राला आकड्यांशिवाय दुसरं काही पचतच नाही, टांटे," कॉर्नी म्हणाला. ते बोलून झाल्यावर तो स्वतःच खूश झाला होता.

स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्यानं चारही आवाजांचे आकडे टाइप केले. मग आकड्यांची मिडी करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टाइप करताना भलतीसलती चिन्हं पडतात, ती काढायला त्याच्याकडे एक जुनी, एका ओळीची चाळणी होती. कारखान्यात ट्रक तोलायच्या काट्याकडून वजनांचे आकडे यायचे, त्यांच्यात कचरा असायचा. आकडे ठेवायचे, बाकी सगळं गाळायचं, एवढंच ती चाळणी करायची. आकडे ते आकडे, म्हणून कॉर्नीनं तीच लावली. एंटर दाबलं. यंत्र काही बोललं नाही. गीत वाजलं, आणि फारच सुरेख वाजलं. लोरेटानं त्याच्या फाइलीवरूनच नेहमीच्या स्वरलिपीचे कागद छापून सगळ्यांना वाटले.

खटका पडला तो तिसऱ्या बुधवारी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी आल्टोच्या रांगेत काहीतरी घासलं. लोरेटानं हात वर करून थांबवलं. पुन्हा गायले, पुन्हा घासलं.

"कोणीतरी वर जातंय तिथं," लोरेटा म्हणाली. "एकेक गा बघू."

एकेक गायल्या. यूस्टिना टांटेची पाळी आली तेव्हा सगळ्यांना कळलं. बाकीच्या बायका चौथा सूर साधा लावत होत्या. टांटे तो अर्धी पायरी चढवून, पाचव्याच्या अगदी उंबऱ्याशी नेऊन लावत होती.

"टांटे, तिथं साधाच आहे हो सूर."

"साधा नाही, लोरेटा. तिथं चढतो. बाबा नेहमी तिथं भुवया वर करायचे."

"माझ्या कागदावर साधा आहे."

"तुझा कागद मला दिसत नाही, बाई. मी ऐकलंय ते गाते."

लोरेटा काही दुष्ट नाही. दुसऱ्या गावातून लग्न होऊन आलेली आहे, त्यामुळे तिला सगळं दुप्पट नीट करावं लागतं, एवढंच. तिनं कॉर्नीकडे बघितलं. "कॉर्नी, नुसता आल्टो लाव. मोठ्यानं."

कॉर्नीनं ओळ टाइप केली. आल्टो वाजला, एकटा, साधा. सूर जिथला तिथं.

"परत लाव."

त्यानं परत लावला. यंत्रानं तेच सांगितलं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा टांटेनं मान खाली घातली होती आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते.

"यंत्राला कान नसतात, टांटे, त्यामुळे ते म्हातारे पण होत नाहीत," जेक मागून म्हणाला. त्याला हसवायचं होतं. दोघे हसलेही. कॉर्नीही हसला, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःचं ते हसू आठवत राहिलं.

पुढच्या बुधवारी टांटे आली नाही. विंकलरच्या दवाखान्यात जाऊन कान तपासून आली, असं कळलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. तेव्हा तिनं त्याचा अर्थ असा लावला की मग बिघाड कानांत नसून आत, डोक्यात आहे, आणि ते जास्त वाईट. रविवारी चर्चमध्ये ती बसली पण ओठ मिटून. यूस्टिना गिंटर गात नाही म्हटल्यावर आसपासच्या तीन रांगांना आपण कुठे आहोत तेच कळेना. सगळे चाचपडत गायले.

उपासना संपल्यावर तिनं कॉर्नीची बाही पकडली. "कॉर्नी, पोरा, मला ते तुझं बरोबरचं गाणं घरी दे ना. हळू वाजेल असं. मी पुन्हा शिकते."

"तुम्ही कशाला, टांटे..."

"समारंभाला मी गप्प बसून राहू? बाबांचं गाणं, आणि मी गप्प? मी शिकेन. एक सूर तर आहे."

सोमवारी सकाळी कॉर्नी कामाला लागला. एल्वीरा समोर रुबार्बचे देठ चिरत होती. गीत हळू करायचं म्हणून त्यानं आपण टाइप केलेली मूळ फाइल उघडली, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी आल्टोच्या आकड्यांत त्याला चारच्या आधी एक तिरकी रेघ दिसली.

तो कागदाकडे वळला. टांटेच्या बापानं चारवर तिरकी रेघ मारली होती, चढव म्हणून. कॉर्नीनं ती पाहिली होती. नीट टाइपही केली होती. चाळणीनं ती गाळली होती. आकडे ठेवायचे, बाकी सगळं कचरा. आणि यंत्र काही बोललं नव्हतं.

त्यानं रेघ ठेवून ती ओळ वाजवून बघितली, अगदी हळू आवाजात. सूर चढला. खोलीतला उजेड बदलावा तसं झालं. हेच गीत होतं. टांटे बरोबर होती, तिचा बाप बरोबर होता, आणि कॉर्नीनं सगळ्यांसमोर तीनदा वाजवून तिला खोटी पाडली होती.

"काय झालं रे?" एल्वीरानं विचारलं.

"काही नाही."

दुरुस्तीला एक मिनिट पुरलं असतं. कॉर्नी हातात ते मिनिट धरून बसून राहिला. समारंभ रविवारी. कागद छापलेले. आल्टोच्या बायकांनी भांडी घासता घासता तो साधा सूर हाडांत भिनवलेला. लोरेटा पाहुण्यांसमोर काय करेल? आणि सगळ्यांत मोठं, जे त्यानं स्वतःशीही नीट उच्चारलं नाही ते हे, की आपण सांगायला उभे राहिलो तर जेक काय म्हणेल. एवढ्यासाठी. जेकच्या एका वाक्यासाठी. शिवाय दोन्ही सूर बाकीच्या आवाजांशी जुळत होते, कानाला कुठलाच खुपत नव्हता. कोणाचं काय बिघडतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. समारंभ झाला की सांगू. मग त्यानं साधा सूर तसाच ठेवून फाइल हळू केली.

आणि केली ती किती प्रेमानं! अपराधी माणूस फार मन लावून काम करतो. जुना दुसरा लॅपटॉप त्यानं पुसून काढला. टांटेला माऊस दिसला नसता, चित्रं दिसली नसती; पण काळ्या खिडकीत बघायचं असतंच काय? त्यानं ती लांबलचक कमांड एका अक्षरावर आणून ठेवली. त्या अक्षराच्या बटणावर सूर्यफुलाची एक बी चिकटवली, म्हणजे बोटाला लागेल. बी, मग एंटर, की आल्टो सुरू.

टांटेच्या स्वयंपाकघरात त्यानं तिचं बोट धरून त्या बीवर ठेवलं. ती हसली. "बी पेरायची आणि एंटर."

"आणि हे बघा, टांटे, यंत्र काही बोलणार नाही. नुसतं वाजवेल. काही बोललं नाही म्हणजे सगळं बरोबर समजायचं."

"बाबांसारखंच की. त्यांनी मान हलवली नाही तर बरोबर." तिनं बी चाचपली. "मी फार त्रास दिला ना रे तुला? तुझ्या इतक्या सुंदर कामाला मी सगळ्यांसमोर नाव ठेवलं."

कॉर्नीनं घाईनं टोपी उचलली आणि ट्रक तापायला हवा असं काहीतरी पुटपुटला. जुलै महिना होता.

बुधवारी टांटे आली आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिनं चौथा सूर साधा लावला. अगदी जिथल्या तिथं. लोरेटाचा चेहरा उजळला. "शाब्बास, टांटे! या वयात असं शिकून दाखवणं..."

"माझं काही नाही," टांटे म्हणाली. "कॉर्नीनं शिकवलं. दिवसभर तेच लावून बसते मी. भाकरीच्या पिठात हात असला तरी कोपरानं बी दाबते."

सगळे कॉर्नीकडे वळून कौतुकानं बघत होते. तो लॅपटॉपच्या वायरीचं वेटोळं करत बसला, सोडून पुन्हा करत बसला. तोंड उघडायला याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि तो मूग गिळून बसला.

समारंभ झाला. जेकच्या यंत्रांच्या शेडमधून ट्रॅक्टर बाहेर काढून बाकं मांडली होती, दारातून थेट सूर्यफुलांचं शेत दिसत होतं. क्वायर छान गायली. यंत्र घरी होतं, यंत्राची चूक मात्र सगळ्यांच्या गळ्यात होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी कॉर्नीनं टेनरमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटले, आणि तो साधा सूर मागून त्याच्या मानेवर येऊन आदळला.

नंतर फास्पाला, म्हणजे दुपारच्या हलक्या खाण्याला, पाव, सॉसेज आणि कॉफी चालू असताना, पॅराग्वेतल्या आमच्या लोकांच्या वसाहतीतून आलेला एक म्हातारा काठी टेकत टांटेपाशी आला. आमचे पूर्वज रशियातल्या ज्या गावातून आले, त्यांचेही त्याच गावचे होते. कॉर्नी मागच्याच टेबलावर होता.

"सुंदर गायलात हो," म्हातारा म्हणाला. "फक्त तिसऱ्या ओळीला आमच्याकडे सूर चढतो. आई चढवायची. तुमच्याकडे विसरले वाटतं."

कॉर्नीच्या हातातला पाव तसाच राहिला. देवा, आता. आता हिला कळू दे, माझ्याशिवाय कळू दे.

टांटेनं म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवला. "माझाही अगदी हाच घोटाळा झाला होता. मीही पैज लावून सांगायची की चढतो. पण तपासून बघितलं, नाही चढत. आपले कान म्हातारे झाले हो. लाज वाटून घेऊ नका."

म्हातारा गोंधळला. "असं?" म्हणाला. "असेल बुवा. आई जाऊन किती वर्षं झाली." आणि तो काठी टेकत टेकत कॉफीकडे गेला.

घरी येताना ट्रक कॉर्नी चालवत होता. एल्वीरा बिया फोडत, टरफलं वाटीत टाकत बसली होती. घराच्या वळणावर ती म्हणाली, "सोमवारपासून तू जेवत नाहीस. आता सांगतोस, की मी पाद्रीबुवांना बोलावू?"

त्यानं सांगितलं. चाळणी, तिरकी रेघ, सगळं. एल्वीराचं फोडणं थांबलं.

"तुला सोमवारी कळलं होतं? रुबार्ब चिरत होते मी समोर तेव्हा?"

"हो."

"आणि तू तिला घरी नेऊन ते शिकवलंस? बटणावर बी चिकटवून?"

कॉर्नीनं ट्रक अंगणात घेतला आणि इंजिन बंद केलं.

"तुझं ते यंत्र गप्प बसतं, त्याला अक्कल नसते म्हणून. तुला तर होती ना रे?" ती खाली उतरली आणि दार आपटण्याआधी म्हणाली, "उद्या जा. आणि तिच्या दारात टोपी काढून उभा राहा."

सोमवारी सकाळी कॉर्नी टांटेच्या दारात टोपी काढून उभा राहिला. आत स्वयंपाकघरात आल्टो वाजत होता. समारंभ होऊन गेला तरी ती अजून लावतच होती.

"सवय झाली," ती म्हणाली. "ये. प्लुमेमोस केलंय, गार आहे."

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला, कारण बसलो तर पुन्हा जमणार नाही अशी त्याला भीती होती. "टांटे, चूक माझी होती. तुमची नव्हती. तुमच्या बाबांच्या कागदावर चारवर रेघ आहे. तिथं सूर चढतो. माझ्या यंत्रानं ती रेघ खाल्ली, आणि मला ते समारंभाआधी कळलं होतं, तरी मी बोललो नाही. तुम्ही बरोबर होता. पहिल्यापासून तुम्ही बरोबर होता."

टांटे वाटीत ते फळांचं गार सूप वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"ऐकवतो," कॉर्नी म्हणाला. सोबत आणलेली दुरुस्त फाइल त्यानं तिच्या लॅपटॉपवर घेतली आणि ओळ टाइप केली. घाईत तो दोनदा चुकला, दोनदा यंत्र तोंड उघडून काहीबाही बोललं. तिसऱ्यांदा गप्प राहिलं, आणि आल्टो सुरू झाला. तिसरी ओळ. चौथा सूर चढला आणि पाचव्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला.

टांटेनं मान तिरकी केली. "परत लाव."

त्यानं परत लावला. ती भुवया आक्रसून ऐकत होती, हरवलेलं काही घरात शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यानं. मग तिचा चेहरा मऊ झाला, आणि कॉर्नीला वाटलं, सुटलो.

"किती चांगला आहेस रे तू," ती म्हणाली.

"काय?"

"म्हातारीचं मन राखायला एवढं केलंस. माझ्या चुकीसारखं यंत्र वाकवलंस."

"नाही, टांटे! हेच खरं आहे! ते पहिलं चुकीचं होतं!"

"कॉर्नी, हे बोचतंय कानाला. खरं असतं तर बोचलं असतं का? माझ्या बाबांचं गाणं मला बोचेल?"

"कागद आहे ना! रेघ आहे त्याच्यावर, तुमच्या बाबांच्या हातची!"

"मला दिसत नाही हे तुला माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. त्यात राग नव्हता.

"मी लोरेटाला सांगतो. बुधवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो."

"खबरदार!" आता मात्र तिचा आवाज चढला. "माझ्या एका सुरासाठी चर्चमध्ये खोटं बोलशील? मला नकोय तसलं." मग तिनं खुर्ची चाचपली आणि बसली. "एक सांगू? मी बाबांचा आवाज आठवून बघते हल्ली. ते तिथं कसे गायचे. भुवया दिसतात मला त्यांच्या. पण तोंड उघडलं की त्यांच्या तोंडून तुझं यंत्रच वाजतं. आधी बाबा होते तिथं. आता नाहीत." ती हसली. "तेव्हा तेच बरोबर असणार, नाही का?"

कॉर्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दिसायचं नव्हतं, म्हणून त्यानं पुसलंही नाही. पुन्हा सांगावं, ओरडून सांगावं, असं त्याला वाटलं. पण दोनदा सांगून झालं होतं, आणि दोन्ही वेळा तिनं तो त्याचा चांगुलपणाच मानला होता.

"आता बरोबरचं लावते," टांटे म्हणाली. तिच्या बोटानं चाचपडत सूर्यफुलाची बी शोधली. बी, मग एंटर. जुनी फाइल अजून तिथंच होती. काळ्या खिडकीत काही उमटलं नाही. आल्टो सुरू झाला आणि टांटे त्याच्यासोबत गायला लागली, पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, बापाच्या बाकाशेजारी बसल्यासारखी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिनं चौथा सूर साधा लावला. जराही अडखळली नाही.

गीत संपलं. तिनं कॉर्नी होता त्या बाजूला तोंड वळवलं.

"आलं ना बरोबर?"

कॉर्नी टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. टांटे थोडा वेळ थांबली, मग समाधानानं मान हलवून तिनं सुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली. काही बोललं नाही म्हणजे सगळं बरोबर, हे तिला त्यानंच शिकवलं होतं.